मागे मोजलेले एकतीस आठवडे

सोमवार, अठरा एप्रिल एकोणीसशे सहासष्ट. आकडा : एकतीस आठवडे. हजर : डॉक्टरीणबाई, एक सिस्टर, सिहोऱ्याहून आलेली माझी थोरली बहीण अक्का, माझी बायको कुसुम आणि मी. आकडा मी सांगितला. सिस्टरने तो कागदावर लिहून घेतला.

तो चार आठवड्यांनी चुकीचा होता. कसा चुकला आणि त्यापायी आमचं काय गेलं, ते इथे लिहितो आहे. वैद्यकातलं मला कळत नाही आणि ते मी लिहिणारही नाही. ज्यांच्या घरी असा प्रसंग येईल, त्यांनी वाचावं म्हणून लिहितो. लिहायला कुसुमनेच सांगितलं. मी म्हटलं, तुझं नाव बदलू का? ती म्हणाली, "काहून बदलता? नाव बदललं की वाचणारीला वाटते, मनानं रचलं."

*

आम्ही नर्मदेकाठच्या हिंदी मुलखातल्या शहरात, दीक्षितपुऱ्यात राहतो. मी तोफगोळ्यांच्या सरकारी फॅक्टरीत पगार विभागात आहे. तेव्हा मी त्रेचाळीस वर्षांचा होतो, कुसुम छत्तीसची. लग्नाला सोळा वर्षं झाली होती. दोनदा दिवस राहिले होते आणि दोन्ही वेळा तिसरा महिना लागायच्या आत सगळं संपलं होतं. मुलाबद्दल आम्ही बोलणं सोडून दिलं होतं. शेजारच्या मुलांना ती चिवडा द्यायची आणि मी ते पाहत नसल्यासारखं करायचो.

पासष्टची लढाई संपून दिवाळीही होऊन गेली होती. एका संध्याकाळी गच्चीवरची वाळवण गोळा करता करता ती म्हणाली, "अहो, मला वाटते, यावेळी राहिलं."

मी तिथेच उभ्या उभ्या हिशेब केला. महिन्यांनी मी कधी मोजत नाही. एखादा महिना तीसचा, एखादा एकतीसचा, त्यात घोळ होतो. आठवड्यांनी पुढे जा की मागे, वार तोच राहतो, आणि वार जुळला की समजायचं, आकडा बरोबर आहे. बोटांच्या पेरांवर मी चाळीस आठवडे पुढे गेलो आणि तिला सांगितलं, "वीस जून. सोमवार." ती हातातलं सूप तसंच धरून माझ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "अच्छा." मला वाटलं, आनंदाने गप्प झाली.

मी मोजायला सुरुवात कुठून केली, तेही सांगायला हवं. आमच्या घरी तेव्हा बायका महिन्याचे चार दिवस बाजूला बसत. स्वयंपाकघरात यायचं नाही, कशाला शिवायचं नाही, कोपऱ्यात वेगळी चटई. घरात दुसरी बाई नव्हती, म्हणून त्या चार दिवसांत चूल माझ्याकडे असायची. कुसुमच्या तारखा त्यामुळे मला पाठ होत्या. ज्या सोमवारी मी शेवटची चूल पेटवली, तो सोमवार मी विसरणं शक्यच नव्हतं. तो ब्लॅकआउटमधला होता.

लढाई सुरू झाल्यापासून फॅक्टरी दिवसरात्र चालायची. माझा धाकटा भाऊ दिनकर आमच्याकडेच राहायचा. तो मशिनवर होता, त्याची पाळी कधी पहाटेची, कधी रात्रीची. त्याच्या खात्यातले दोघे जण, ज्यांची खानावळ बंद पडली होती, तेही आमच्याकडे जेवायला येत. ओव्हरटाइमचे हिशेब करून मी रात्री नऊनंतर घरी पोचायचो. त्या सोमवारी येऊन बघतो तर कुसुम चटईवर. खिडक्यांना काळे कागद लावलेले, शेगडीभोवती पत्रा आडवा धरलेला. त्या उजेडात मी भात लावला आणि बुडाशी करपवला.

दिनकर ताटावरून म्हणाला, "दादा, दिवे काहून विझवले? या वासावर विमान सरळ दीक्षितपुऱ्यात उतरेल."

कोपऱ्यातून कुसुम हसली. ते चार दिवस ती खूप झोपली. दिवसासुद्धा. एवढं सगळं मला आठवत होतं.

*

एप्रिलच्या सुरुवातीपासून तिचे पाय सुजू लागले. जोडवी रुतायला लागली म्हणून काढून ठेवली. आधीच्या दोन वेळांमुळे आम्ही कुणाला फार सांगितलं नव्हतं आणि डॉक्टरकडेही गेलो नव्हतो. बोलून दाखवलं की दृष्ट लागते, असं तिच्या मनाने घेतलं होतं आणि मीही विरोध केला नाही. अक्काला मात्र बोलावून घेतलं. तिचे यजमान जाऊन पाच वर्षं झाली होती, ती बसने आली आणि तिने घर हातात घेतलं.

"उन्हाचं आहे," अक्का म्हणाली. "पायाला कांदा चोळ. आम्हाला नाही का सुजत होते?"

त्या सोमवारी सकाळी मी ऑफिसला निघालो तेव्हा कुसुम डोकं दाबून बसली होती. मला म्हणाली, "तुमच्या तोंडाभोवती काजवे दिसून राहिले." तिला थट्टा करायची सवय होती, म्हणून मी हसलो. ती हसली नाही. मी चपला काढल्या आणि टांगा बघायला गेलो. इस्पितळाच्या वाटेवर ओमतीपर्यंत टांगा नीट चालला, पुढे गर्दीत अडकला. तेवढ्या वेळात ती दोनदा ओकली.

डॉक्टरीणबाईंनी तिच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधला, पारा बघितला, पुन्हा बांधला, पुन्हा बघितला. मग विचारलं, "आखिरी बार महीना कब आया था? तारीख याद है?"

कुसुमने अक्काकडे पाहिलं, मग खाली. "आठवत नाही," ती पुटपुटली. "थोडं आधीचंही असेल."

"तिला काय विचारता बाई, डोकं फुटून राहिलं तिचं," अक्का म्हणाली. "नाना, तू सांग. तुला ठाऊक असते."

"मुझे पक्का याद है," मी म्हणालो. मागे मोजत त्या ब्लॅकआउटच्या सोमवारपर्यंत गेलो. वार जुळला. "इकतीस हफ्ते, आज पूरे हुए."

डॉक्टरीणबाईंनी पोट तपासलं. "पेट भी इतना ही है. बल्कि थोड़ा कम." रक्तदाबाच्या या आजारात मूल नीट वाढत नाही आणि पोट लहान दिसतं, हे मला पुष्कळ नंतर कळलं. त्या वेळी मला बरंच वाटलं, की माझा आकडा आणि त्यांचा हात एकच सांगतात.

मला त्यांनी बाहेर व्हरांड्यात नेलं. "देखिए भाईसाहब, इलाज एक ही है, बच्चा निकालना. लेकिन इकतीस में निकालूँ तो वह जिएगा नहीं. दवा से, आराम से रोकने की कोशिश करते हैं. पैंतीस हो जाएँ, फिर मैं एक दिन नहीं रुकूँगी."

मी आत जाऊन कुसुमला म्हणालो, "काही नाही, चार आठवडे पडून राहायचं." तिला घाबरवायचं नव्हतं. पस्तीसचं मी तिला सांगितलं नाही.

*

तिला कोपऱ्यातली खोली दिली. उजेड नको, आवाज नको, म्हणून खिडकीला जाड काळा पडदा. पहिल्या दिवशी औषधाची गुंगी उतरल्यावर ती म्हणाली, "हे काय, पुन्हा लढाई लागली?"

इस्पितळाचे दिवस सगळे एकसारखे. सकाळी लघवी तपासायला नेत, मग पारा, मग गोळी. जेवणात मीठ नाही. अक्का घरून अळणी वरण आणायची, ते चाखून कुसुम म्हणायची, "यांनी केल्यासारखं लागते." बाहेर लू वाहायची, अंग भाजणारा वारा. फूलाबाई म्हणून एक आया होती, ती ओलं कापड पिळून दाराला टांगून जायची. हे तिच्या कामात नव्हतं, तिला कुणी सांगितलंही नव्हतं. दिनकर रात्रपाळी संपवून तसाच यायचा आणि बाहेरच्या बाकावर बसल्या बसल्या झोपायचा, कारण आत दोघांहून जास्त जणांना परवानगी नव्हती.

मी रजा काढली होती. पंचवीस तारखेच्या सोमवारी बत्तीस पुरे झाले म्हणून मोगऱ्याचा गजरा घेऊन गेलो. वास तिला सहन झाला नाही, तो अक्काने बाहेर ठेवला. व्हरांड्यात मी अक्काला सांगत होतो, की अजून तीन सोमवार निघाले पाहिजेत, मग भीती नाही. अक्का भडकली. "काहून सारखा मोजत बसतो रे? मूल म्हणजे काय तुझं पगारपत्रक आहे? देवाचं नाव घे." त्यावर मीही बोललो, की तुझ्या कांद्याने आठवडा वाया गेला. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. डबा मात्र वेळेवर यायचा. आजारी माणसाच्या उशाशी घरची माणसं अशी भांडतात. कुणी भांडली तर मनाला लावून घेऊ नये. सगळे भ्यालेले असतात.

कुसुम त्या दिवसांत एकदाच घाबरल्यासारखी बोलली. माझा हात पोटावर ठेवून म्हणाली, "आज कमी हलून राहिलं." मी सिस्टरला बोलावलं. तिने नळी लावून ऐकलं आणि ठोके आहेत म्हणाली.

शुक्रवारी सकाळी दहाच्या सुमारास मी तिला पाणी पाजत होतो. तिचे दात पेल्यावर घट्ट बसले. मला वाटलं थट्टा करते आहे. मग तिचे डोळे वर गेले आणि सगळं अंग ताठ होऊन हिसके देऊ लागलं. मी ओरडलो. मला बाहेर काढलं. त्यानंतरचं मी पाहिलेलं नाही आणि ऐकलेलं लिहीत नाही. दुपारी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, त्यांच्या हातांवर हातमोज्यांची पावडर होती. म्हणाल्या, "माँ को बचाने में लगे हैं. बच्चा नहीं रहा. लड़का था."

फूलाबाईने त्याला न्हाऊ घातलं होतं. स्वच्छ पांढऱ्या फडक्यात गुंडाळून तिने तो माझ्याकडे दिला. वाळलेला होता, पण सगळा पूर्ण होता. कपाळ कुसुमचं. डोक्यावर केस. नखं बोटांच्या पुढे आली होती. शेजारी उभी असलेली सिस्टर म्हणाली, "बत्तीस का तो नहीं लगता. दुबला है, पर दिन पूरे होने को थे इसके."

ते वाक्य मी ऐकलं आणि त्या वेळी तिथेच सोडून दिलं. दिनकर आणि मी त्याला नर्मदेच्या काठी नेलं. जाताना टांग्यात मी तो मांडीवर घेतला होता. ऊन लागू नये म्हणून दिनकरने त्याच्यावर आपला रुमाल धरला होता, तो शेवटपर्यंत.

*

कुसुम दोन दिवस शुद्धीवर नव्हती. तिसऱ्या दिवशी तिने ओठ हलवले. मी कान जवळ नेला.

"काय झालं?"

"मुलगा."

माझ्या आवाजावरून तिला पुढचं कळलं असावं. मग तिने विचारलं, "कुठे ठेवलं?"

"नर्मदेवर."

तिने भिंतीकडे तोंड केलं. तिला दूध येत होतं. ते थांबवायला अक्काने छाती बांधली आणि बांधता बांधता स्वतः रडली. ती माझी कडक सोवळ्याची बहीण, कुणाच्या देखत मी तिला रडताना कधी पाहिलं नव्हतं.

हळूहळू कुसुम उठून बसायला लागली. सूज उतरली, नीट दिसायला लागलं. लोक म्हणत, बायको हाताला लागली हे काय कमी आहे? कमी नव्हतंच. मी देवाचे आणि डॉक्टरीणबाईंचे मनापासून आभार मानले. तरी सिस्टरचं ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना.

एका दुपारी अक्का घरी गेली होती. मी खाटेजवळ स्टुलावर बसून पेरांवर अंगठा फिरवत होतो. मला कळलंही नाही.

"पुन्हा मोजून राहिले?" कुसुम म्हणाली.

"कुठेतरी चुकतंय. सिस्टर म्हणाली, बत्तीसचा वाटत नाही. मी चार वेळा मोजलं. सोमवार बरोबर येतो."

ती चादरीचा काठ बोटाला गुंडाळत होती.

"तो सोमवार नाहीच," ती म्हणाली. "त्या वेळी मी उगीच बसली होती."

"उगीच म्हणजे?"

"म्हणजे मला काही आलं नव्हतं. त्याच्या आधीचं खरं. पंधरा ऑगस्टच्या दुसऱ्या दिवशीचं. तुम्हाला फॅक्टरीत लाडू मिळाले होते पहा. तुम्ही दुरून माझ्या ताटात टाकला आणि तो फुटला."

लाडू मला आठवला.

"पुढच्या महिन्यात तारीख जवळ आली, पण काही आलं नव्हतं. वाटलं, आज येईल, उद्या येईल. पहाटे चारला दिनकरचा डबा, दुपारी त्या पोरांचं, रात्री तुमचं. अकराला भांडी. त्या सोमवारी मी पीठ मळायला बसली आणि मला परातीतून हातच उचलवेना. मग म्हटलं, जाऊ दे. चटई घातली आणि बसली."

"कुसुम, मला सांगायचं ना. मी नाही म्हटलं असतं?"

"नाही म्हटलं नसतं. पण काय झालं, असं विचारलं असतं तुम्ही. काही झालं नव्हतं हो. नुसती थकली होती."

मी पेरांवरचा अंगठा काढला. तीच पुढे बोलली. "दिवाळीनंतर गच्चीवर खरं सांगणार होती. पण तुम्ही बोटांवर मोजून इतके खूष झाले. वीस जून, सोमवार. मी म्हटलं, थोडं लवकर होईल, एवढंच ना. आणि त्या दिवशी इथे अक्का होत्या समोर. त्यांच्यासमोर कसं सांगू, की खोटंच बाजूला बसली म्हणून?"

पंधरा ऑगस्टच्या दुसऱ्या दिवशीही सोमवारच होता. तिथून मोजलं तर, ज्या दिवशी मी तिला टांग्यातून आणलं, त्या दिवशी पस्तीस आठवडे पुरे झाले होते.

तिने माझ्याकडे पाहिलं. "त्यानं काही फरक पडला असता का?"

व्हरांड्यातलं डॉक्टरीणबाईंचं बोलणं फक्त मला ठाऊक होतं. मी म्हणालो, "नाही. काही फरक पडला नसता."

"अच्छा," ती म्हणाली. मग भिंतीकडे पाहत, "तुम्ही आज आकडा न सांगता उत्तर दिलं."

 व्हरांड्यातलं बोलणं मी तिला वर्षभराने सांगितलं. तिने ते ऐकून घेतलं आणि चहा ठेवायला उठली.

*

मला विचारतात, चूक कुणाची? डॉक्टरीणबाईंना जो आकडा मिळाला त्यावर त्यांनी योग्य तेच केलं. अक्काने वाईट हेतूने काही केलं नाही. आणि कुसुमने काय केलं? चार दिवस झोप घेतली. फॅक्टरीत मी माणसांच्या रजा लावतो. किरकोळ, हक्काची, आजारपणाची. माझ्या घरात तिच्यासाठी एकच रजा होती, आणि तिलाही कारण दाखवावं लागत होतं.

म्हणून वाचणाऱ्या गृहस्थांना दोन गोष्टी सांगतो. डॉक्टरने तारीख विचारली तर तुम्ही उत्तर देऊ नका, कितीही पाठ असली तरी. बाहेर जा, बरोबर आलेल्या आईला, बहिणीलाही बाहेर न्या, आणि बाईला डॉक्टरजवळ एकटी बोलू द्या. तिला आठवायला वेळ लागला तर लागू द्या. आणि डॉक्टर जे सांगतील ते तिलाही सांगा. भिईल म्हणून लपवू नका. पस्तीस हा शब्द त्या दिवशी तिच्या कानावर पडला असता, तर अक्का समोर असो की आणखी कुणी, ती बोलली असती. हे मला तिने सांगितलेलं नाही. सोळा वर्षांच्या संसारावरून मी सांगतो.

आता आमच्याकडे कुणी बाजूला बसत नाही. अक्काने एकदा विचारलं, मी म्हटलं बंद केलं. आठवड्यातून दोन दिवस स्वयंपाक मी करतो. भात अजूनही कधी कधी लागतो.

*

मे महिन्यात कुसुमला घरी सोडलं. इस्पितळ सरकारी, त्यामुळे द्यायचं असं काही नव्हतं. औषधांचे पैसे ओमतीच्या दुकानात वेळच्या वेळी चुकते केले होते. दिनकर टांगा आणायला गेला, अक्काने गाठोडं उचललं आणि मी कुसुमच्या दंडाला धरून पायऱ्यांपर्यंत आलो.

दारात आया उभ्या होत्या. ज्यांच्या घरी मुलगा होतो त्यांना या बाया दारात अडवतात आणि हसून, भांडून नेग, म्हणजे आनंदाची बक्षिसी, घेतात. आमच्या पुढे एक कुटुंब होतं, नवी सून, कुंचीतलं बाळ, आजी. त्यांच्याकडून फूलाबाईने पाच रुपये घेतले आणि वर साडी कबूल करून घेतली. मग मागे वळून तिने आम्हाला पाहिलं. तिचं हसू गेलं. ती भिंतीला सरकली आणि बाकीच्यांनाही तिने हाताने मागे केलं.

कुसुम थांबली.

"हिला दिले का?"

"कशाचे?" मी विचारलं.

"मुलगा झाल्याचे."

अक्का म्हणाली, "कुसुम, चल बाई, ऊन होते."

कुसुम हलली नाही. "झाला होता ना मुलगा. हिनं त्याला न्हाऊ घातलं."

"नहीं दीदी, नहीं," फूलाबाई म्हणाली आणि दोन्ही हात तिने पदराखाली लपवले.

कुसुमने माझ्यापुढे हात पसरला. मी पाकीट काढलं आणि नोट तिच्या हातावर ठेवली. तिने फूलाबाईचा हात पदरातून ओढून काढला, नोट त्यात ठेवली आणि तिची बोटं एकेक करून मिटवली. पाच रुपये. फूलाबाईला, आमचा मुलगा झाल्याबद्दल.